न दमणारा वायरमन

एकदा एक दमलेला शिष्य आपल्या म्हाताऱ्या गुरूकडे गेला. दमलेला हे मुद्दाम सांगतो, कारण दृष्टांतांतले शिष्य नेहमी जिज्ञासू आणि टवटवीत असतात, आणि खरं सांगायचं तर मला आता त्या टवटवीत शिष्यांचा वीट आला आहे. हा तसा नव्हता. श्रीरंग त्याचं नाव, आणि सिनेमे दिग्दर्शित करणं हा त्याचा उद्योग. दोन वर्षं एकाच सिनेमात अडकून तो इतका शिणला होता, की गुरूच्या दारात बूट काढायला खाली बसला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला.

गुरू म्हणजे आबा. कोल्हापुरातले जुने संकलक. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे सिनेमे कापले आणि जोडले, आणि कुणाचंही तोंडावर कौतुक केलं नाही. श्रीरंग त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

श्रीरंगचा पहिला सिनेमा तुफान चालला होता. त्यात एका वायरमनला खांबावर विजेचा धक्का बसतो आणि त्याला उडता येऊ लागतं. पुराने वेढलेल्या शाळेतली अकरा मुलं तो एकेक करून पाठीवर बाहेर काढतो. लोकांनी तो सिनेमा तीन-तीनदा पाहिला. मग निर्माते शेठ म्हणाले, दुसरा भाग कर, पण सगळं दसपट कर. त्यांनी हेही सांगून ठेवलं होतं, की हा भाग मनासारखा झाला तर तिसराही तुझाच, नाहीतर तो दुसऱ्या कुणाकडे जाईल. वायरमन श्रीरंगने जन्माला घातला होता. तो परक्याच्या हाती जाईल या भीतीने त्याने शेठच्या प्रत्येक सूचनेवर मान डोलावली.

आता सिनेमा तयार होता. प्रदर्शनाला बारा दिवस उरले होते आणि सहा दिवसांत अंतिम प्रत द्यायची होती. श्रीरंगने आबांना एवढंच विनवलं, की एकदा बघा, याची बलस्थानं कोणती आणि उणिवा कोणत्या ते सांगा, म्हणजे जमेल तेवढं सावरतो.

आबांनी एक अट घातली. तुझी जाणकार मंडळी नकोत, माझ्या गल्लीतली माणसं बोलाव. मग एका दुपारी छोट्या चित्रगृहात गल्लीतली चाळीसेक माणसं येऊन बसली. आबांनी एक स्टूल मागवलं, ते पडद्याच्या अगदी खाली ठेवलं आणि पडद्याकडे पाठ करून त्यावर बसले. सिनेमा सुरू झाला तरी ते वळले नाहीत. मांडीवर वही, हातात पेन्सिल, आणि नजर खाली, लोकांच्या पायांवर.

श्रीरंगला वाटलं, म्हातारपणी आबांचं काहीतरी बिनसलं. मग वाटलं, हा आपला अपमान आहे. दोन तास पंचवीस मिनिटं तो चरफडत मागे उभा राहिला. संपल्यावर लोक भले होते, सगळ्यांनी छान छान म्हटलं, कुणी पाठ थोपटली, आणि चहा पिऊन सगळे घरी गेले.

हॉल रिकामा झाल्यावर श्रीरंगचा संयम सुटला. दोन वर्षं घासलीत मी यात, आणि तुम्ही एकदा वळूनसुद्धा पाहिलं नाहीत, असं तो बोलून गेला. आबांनी त्याला शेजारी बसवलं आणि वही उघडली.

माणूस सिनेमात रमला की चपला काढून पाय मोकळे करतो, असं त्यांनी सांगितलं. मन उठलं की अंगठा अंधारात चपला शोधायला लागतो. तोंड यजमानाची भीड राखतं, पाय राखत नाहीत. पडद्याचा उजेड पुढच्या तीन रांगांच्या पायांपर्यंत येतो, आणि आबांना तेवढा पुरे होता. वहीत त्यांनी मिनिटं टिपली होती. खलनायक उत्तम, तो असेपर्यंत एक पाऊल हललं नव्हतं. नदीवरचा पूल कोसळतो तो प्रसंग अस्सल. आवाज चोख, चित्रं देखणी. पण वायरमन अख्खा पूल बससकट उचलून पलीकडे नेऊन ठेवतो, तिथून चपलांचा शोध सुरू झाला होता. पुढच्या लढाईत निम्म्या लोकांच्या चपला पायांत होत्या. शेवटच्या लढाईत सगळ्यांच्या.

"पण आबा, पहिल्या भागापेक्षा हे कितीतरी मोठं आहे," श्रीरंग म्हणाला.

आबांनी वही मिटली. मग म्हणाले, "पहिल्या भागात तो अकराव्या मुलाला घेऊन आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. आठवतं? गोष्टीत श्रम असतात बाबा, आणि ते कुणाला तरी वाहावे लागतात. तेव्हा ते त्याने वाहिले, म्हणून लोक हलके होऊन घरी गेले. या खेपेला त्याने पूल उचलला आणि त्याला घामसुद्धा आला नाही. मग तो शीण गेला कुठे? त्या चाळीस माणसांच्या अंगावर आला. आणि तुझ्या. आरशात बघ की जरा."

श्रीरंगचे डोळे भरून आले. फार दिवसांत त्याला असं कुणी बोललं नव्हतं. तो म्हणाला, आता सहा दिवसांत नव्याने काय चित्रित करणार, यात वायरमन दमलेला असा एक क्षणही नाही. आणि हे बोलता बोलता तो थांबला, कारण असा क्षण होता. पुलाच्या प्रसंगाचं चित्रीकरण चौदा तास चाललं होतं. शेवटी उडण्यासाठी बांधलेल्या तारांवरून खाली उतरवल्यावर वायरमन झालेला नट तसाच, त्या जड पोशाखात, दगडावर बसला होता. बोटं इतकी आखडली होती की हातमोजा त्याने दातांनी ओढून काढला. कॅमेरा चालूच राहिला होता. श्रीरंग त्याच्यावर ओरडला होता, ऊठ, आपला नायक बसत नाही. आणि ते चित्रण त्याने निरुपयोगी म्हणून बाजूला टाकलं होतं. हे आठवून त्याला स्वतःची शरम वाटली, आणि तसं त्याने आबांना सांगितलं.

"मग शेठला काय सांगशील?" आबांनी विचारलं.

"सांगेन, की हे ठेवतोय."

त्याने शेवटच्या लढाईतली अकरा मिनिटं कापली आणि पूल ठेवल्यानंतर ते दगडावरचं बसणं जोडलं. शेठ आडदांड नव्हते, व्यापारी होते. दमलेला सुपरहिरो बघायला कोण येणार, असं त्यांनी शांतपणे विचारलं. तारीख जवळ आली होती म्हणून त्यांनी प्रत जाऊ दिली, आणि त्याच बैठकीत तिसरा भाग दुसऱ्या दिग्दर्शकाला देऊन टाकला. श्रीरंगला वाईट वाटलं. फार वाटलं. आपलं मूल दुसऱ्याच्या घरी वाढणार हे कुणाला सुखाचं वाटेल?

शुक्रवारी दुपारच्या खेळाला तो तिकीट काढून गेला आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. अर्धं थिएटर भरलं होतं. पूल उचलला गेला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग वायरमन दगडावर बसला. त्याने दातांनी हातमोजा ओढला, आणि उघड्या पडलेल्या हाताकडे तो नुसता बघत राहिला. शिट्ट्या थांबल्या. मधल्या रांगेतली एक बाई, डबे पोचवणारी असावी, पिशव्या पायाशी ठेवलेली, पडद्याकडे बघत घरच्या माणसाशी बोलावं तशी मोठ्याने म्हणाली, "दमलास रे लेकरा."

कुणी हसलं नाही. मागे उभा असलेला श्रीरंग हळूच खाली पायरीवर बसला.