मोटारीचं मेण आणि नवरीची हट्टाची घागर

"रजा? लग्नाला? अजिबात मिळणार नाही! एक दिवस मेण चुकलं की मोटारीचा रंग गेलाच म्हणून समज!"

कुसूरचे महाराज असं गरजले आणि सनईवाला गेनू तिथेच मटकन खाली बसला. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त ठरलेला, मांडवाचे बांबू आलेले आणि नवऱ्या मुलालाच सुट्टी नाही!

महाराजांनी विलायतेहून मोटार आणली आणि सगळ्या कुसूरची झोप उडाली. विकणाऱ्या साहेबाने जाताना सांगितलं होतं, "रंग टिकवायचा तर नियमित मेण लावा." झालं! सनईवाले, चोपदार, न्हावी, आचारी, सगळे सकाळपासून फडकी घेऊन मोटार घासत बसायचे. राजवाड्यात वरण करपायचं, दाढ्या वाढायच्या, पण मोटार चकचकीत! महाराज तिच्यात बघून मिशांना पीळ देत. बाहेर मात्र ती कधी काढायची नाही, धूळ बसेल ना! महाराज कुठे निघालेच तर बैलगाडीतून निघत. आता बोला!

गेनूची होणारी बायको ठकू, पाणक्याची मुलगी. जिभेला हाड म्हणून नाही! तिने पदर खोचला आणि थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"सरकार, रोज मेण कशाला?"

"साहेब म्हणाला, नियमित लावा!"

"दसराही नियमित येतो, सरकार. म्हणून आपण रोज सोनं लुटतो का?"

दिवाणजींना ठसका लागला. महाराज लाल झाले.

"फार शहाणी आहेस! आज पाडवा. आज लावलेलं मेण अक्षय्य तृतीयेपर्यंत टिकतं म्हणतेस?"

"टिकतं की! खुशाल उन्हातान्हात फिरवा."

"मग त्या दिवशी ते मेण मला डोळ्यांनी दाखवायचं! बोट लावायचं नाही, खरवडायचं नाही, चाटायचंही नाही! दिसलं तर गेनूला रजा. नाही दिसलं तर लग्न विसर आणि तूही फडकं घेऊन बस, जन्मभर!"

"कबूल!" ठकू म्हणाली.

"अगं बये, कबूल काय?" बाहेर आल्यावर गेनू रडकुंडीला आला. "लावलेलं मेण कुणाला दिसतं का? मलाच दिसत नाही, आणि मी रोज लावतो!"

"तुम्ही सनईला तेल घाला," ठकू म्हणाली. "वऱ्हाडापुढे बेसूर वाजली तर बघा!"

त्या दिवसापासून मोटारीला मेण बंद. महाराज जीव मुठीत धरून तिच्यात बसून फिरू लागले. पहिल्या दिवशी धुळीकडे बघून त्यांना जेवण गेलं नाही. पुढेपुढे मात्र वारा लागून त्यांना बरं वाटायला लागलं, पण कबूल कोण करतो!

अक्षय्य तृतीया उजाडली. हळद लागलेल्या नवरीने उंबरा ओलांडू नये म्हणतात. ही बया पिवळ्याधमक तोंडाने, कमरेवर घागर घेऊन राजवाड्यात हजर! मागून आत्या, मावश्या "अगं थांब! अगं थांब!" म्हणत धावताहेत. पुढे मोटार उभी, धुळीने माखलेली. महाराजांनी डोळे बारीक करून ती चारी बाजूंनी बघितली.

"कुठे आहे मेण? मला तर माती दिसते!"

"दिसेल, सरकार."

ठकूने घागर उचलली आणि भडाभडा मोटारीवर ओतली. धूळ वाहून गेली. आणि काय सांगू! मागे राहिलेल्या पाण्याचे टपोरे थेंब झाले, अळूच्या पानावर होतात तसे, आणि टणाटण घरंगळत खाली!

"हे मेण, सरकार! त्याशिवाय पाणी असं पळत नाही."

"छट्! रंगच तसा असेल!"

"बरं!" ठकू वळली. पागेच्या दारात जुनी बग्गी उभी होती. महाराजांनी हौसेने तिलाही मोटारीचाच रंग दिला होता, पण मेणाचं भाग्य बिचारीला लाभलं नव्हतं. उरलेलं पाणी ठकूने बग्गीवर ओतलं. थेंब नाही, काही नाही. पाणी पसरलं आणि जागचं हलेना.

महाराज एकदा मोटारीकडे, एकदा बग्गीकडे बघू लागले.

"मेण आहे," महाराज शेवटी पुटपुटले. पण हट्टी माणूस, सहज कसा सोडेल? "पण मग पुन्हा लावायचं कधी? नेमका दिवस सांग! नाही सांगितलास तर रजा रद्द!"

तेवढ्यात वरून ढेकर ऐकू आला. महाराजांचे जावईबापू हातात लाडू घेऊन सज्जात आले होते. दिवाळसणाला आलेले, वैशाख लागला तरी मुक्काम तिथेच!

ठकूने सज्जाकडे बघितलं, मग महाराजांकडे.

"दिवस कशाला मोजायचा, सरकार? मोटारीवर पाणी ओतायचं. पाहुण्यासारखं आलं तसं गेलं, तर मेण शाबूत. आणि जावईबापूंसारखं ठाण मांडून बसलं, की त्या दिवशी डबा उघडायचा!"

जावईबापूंचा लाडू तोंडाशीच थांबला. महाराजांचे ओठ थरथरले, मिशा हलल्या आणि ते असे हसत सुटले, असे हसत सुटले, की पगडी घरंगळून मोटारीवर पडली!

"गेनू, महिनाभर रजा! वरात याच मोटारीतून काढा, मी स्वतः हाकतो!" डोळे पुसत महाराज ओरडले. "आणि दिवाणजी, मेणाचे उरलेले सगळे डबे आत पाठवा. आजपासून जावईबापूंच्या पाटाला दोन्ही वेळ मेण लावायचं!"