मुराळ्याचा वसा

किती वेळ उभी होती ती दारात? लिंबाजीनं बहिणीच्या सासूला विचारलं, सासूनं पदर डोळ्यांना लावला. मेहुण्याला विचारलं, मेहुण्यानं खाली पाहिलं. शेजारणीला विचारलं, शेजारणीनं आतून कडी लावली. कुणी सांगितलं नाही ते नाहीच. त्या लिंबाजीची ही कहाणी. ऐक उंबरठेमाई, आणि अक्षता घेऊन बसलेल्या बायांनो, तुम्हीही ऐका.

नदीच्या काठी आटपाट नगर वसलं होतं. नगरात बुरूडआळी होती. तिथं दोन भावंडं राहत. गोजरा थोरली, लिंबाजी धाकटा. आईबाप लवकर गेले. मग गोजरानं बांबू सोलले, सुपं विणली, टोपल्या विणल्या, भावाला भरवलं. मास्तरांकडे धाडलं, तो चार दिवस गेला, पाचव्या दिवशी पळून आला. गोजरानं मारलं नाही, नुसती हसली. मग चुलत्यानं कन्यादान केलं आणि गोजरा नदीपल्याड सासरी निघाली. जाताना म्हणाली, “पंचमीला मला न्यायला ये. तूच ये हो लिंबा, दुसऱ्या कुणाला धाडू नकोस.”

मग श्रावण आला. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. लिंबाजी मुराळी झाला. नवा फेटा बांधला, घाईघाईनं निघाला. कुणाला काही विचारलं नाही, तो कधी विचारायचाच नाही. एक नेम तेवढा कुठेतरी अर्धामुर्धा ऐकला होता : लेकीचा पाळणा हलेपर्यंत माहेरच्यांनी तिच्या घरचं पाणी पिऊ नये.

गोजरा दारात गूळपाणी घेऊन आली. “घे लिंबा.”

“नको.”

“नदी उतरून आलास, दमलास. घे.”

“नको म्हटलं ना.”

“अरे, माझ्या हातचं आहे.”

“नको अक्का. रीत आहे.”

तेवढ्यात आतून सासू आली. तिचं नाव बयजाबाई. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “का रे पोरा, आमच्या पाण्यात किडे पडलेत?”

“किडे नाहीत. रीत आहे.”

“मिसरूड फुटलं नाही आणि मला रीत शिकवतोस? ज्याला आमचं पाणी नको, त्याच्यासंगं आमची सून यायची नाही. जा!”

लिंबाजीचं डोकं फिरलं. “ठेवा मग तुमची सून तुम्हालाच!” म्हणाला, आणि पाठ फिरवली. मागं पाहिलं नाही. गोजरा गूळपाणी घेऊन दारातच उभी राहिली.

पंचमी झाली. सगळ्यांच्या लेकी आल्या, झोके बांधले, गाणी म्हटली, गेल्या. गोजरा आली नाही. पुढल्या आठवड्यात जाऊन आणू, असं लिंबाजी रोज म्हणायचा. राग जायचा, परत यायचा. पोळ्याच्या दिवशी निरोप आला. गोजराला ताप भरला, तीन दिवस राहिली, गेली.

लिंबाजी धावला. उशीर झाला होता. मग त्यानं तो एकच प्रश्न विचारला, तो तुम्ही ऐकलात.

तेव्हापासून त्याच्या घशाखाली पाणी उतरेना. घरात कुणी बोलणारं नाही. विणायला बसला की दोन माणसांपुरता बांबू सोलायचा आणि मग तसाच बघत बसायचा. एके दिवशी नदीवर गेला आणि ढसाढसा रडला. तिथं एक म्हातारी आली. पाय मळलेले, डोईवर काही नाही.

“बाबा, का रडतोस?”

लिंबाजीनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, “अरे, तो नेम ज्यानं कन्यादान केलं त्याचा. मुराळ्यानं पाणी प्यावं. न प्यायला तर घराचा अपमान होतो.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तू विचारलंस का?”

लिंबाजीनं तिचे पाय धरले.

म्हातारी म्हणाली, “तुझी बहीण अजून त्या उंबरठ्यावर उभी आहे. तिला टेकता येत नाही. तिच्यासाठी वसा घे. श्रावणात जिला न्यायला कुणी येत नाही, तिच्या दारी मुराळी होऊन जा. ती देईल ते पाणी पी. तिला माहेरासारखं ठेव, मग पोचतं कर. पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षी एक. तीन झाल्या की गोजरा बसेल. मधे चिडलास, उठून आलास, तर वसा मोडला.”

“ती परत येईल?”

“नाही येणार.”

“बरं,” लिंबाजी म्हणाला आणि वसा घेतला. म्हातारी कुठं गेली ते दिसलं नाही.

पहिलं वर्ष आलं. नगरातल्या तेल्याच्या घरी दूर दक्षिणेची सून होती. तिचं माहेर चाळीस दिवसांच्या वाटेवर. लिंबाजी दारी गेला. तेलीणबाई म्हणाली, “तू कोण हिचा? ना गोताचा, ना गावचा.”

“मुराळी.”

“आणि मी इंद्राची आई! सणाच्या दिवशी घाणा कोण बघणार, तुझा फेटा?”

लिंबाजीच्या कानशिलावरची शीर उडाली. पण बसून राहिला. सून पाणी घेऊन आली, तो प्यायला. पाणी घशात काट्यासारखं टोचलं. तेलीणबाई बघत राहिली, मग म्हणाली, “ने. परवा दिवस मावळायच्या आत आण.”

वाटेत त्यानं विचारलं, “तुझं माहेरचं नाव काय?”

ती थांबली. लग्नात ताटात तांदूळ पसरून तिचं नवं नाव लिहिलं होतं, तेव्हापासून जुनं कुणी विचारलं नव्हतं. “मल्लम्मा,” ती म्हणाली. मग परत एकदा म्हणाली, “मल्लम्मा.”

शेजारच्या ठकूकाकीनं पुरणाचे दिंड उकडले. मल्लम्मानं विचारलं, “आज विळी का नाही काढली?”

“नागाला इजा होऊ नये म्हणून आज चिरायचं नाही.”

“तवा?”

“भाजायचंही नाही. उकडून खायचं.”

“आणि बाया झाडाला झोके का बांधतात?”

लिंबाजीला ते ठाऊक नव्हतं. “ते अक्काला माहीत होतं,” म्हणाला, आणि अंगणात निघून गेला. बराच वेळ आला नाही. मल्लम्मा बाहेर येऊन म्हणाली, “आमच्याकडेही बांधतात, अण्णा. तिथंही मी कुणाला विचारलं नव्हतं.” मग दोघं झाडाकडे बघत उभे राहिले.

दुसरं वर्ष आलं. कुंभारवाड्यातली मुकी सून होती, तिला आणलं. ती बोलली नाही, तोही बोलला नाही. दोघांनी मिळून एक सूप विणलं. ते घेऊन ती गेली.

तिसरं वर्ष आलं. लिंबाजी घरोघर फिरला. प्रत्येकीला न्यायला कुणी ना कुणी आलं होतं. ठकूकाकी म्हणाली, “पल्याड एक उरली आहे. लेक परमुलखात गेला, तिला टाकून. चाळीस वर्षांत तिला न्यायला कुणी आलेलं नाही. भाऊच नव्हता तिला.”

“कोण?”

“बयजा.”

लिंबाजीनं हातातला कोयता भिरकावला. “मेलो तरी जाणार नाही!”

“नको जाऊस. तुझा वसा, तूच मोडणार.”

एक दिवस बसून राहिला. दुसरा दिवस बसून राहिला. जेवला नाही. अक्का उभी आहे, पाय दुखत असतील, एवढंच डोक्यात. तिसऱ्या दिवशी उठला, नदी उतरला.

बयजाबाई दारात बसली होती. वाळलेली, एकटी. चुलीत राख, अंगणात गवत. त्याला पाहून ती भिंतीला धरून उठली. “काय घ्यायला आलास? काही उरलं नाही रे.”

“तुम्हाला न्यायला आलोय. उद्या पंचमी.”

“मला?” ती म्हणाली. “मला कोण नेतं?”

“मी मुराळी.”

ती आत गेली. भांडं घासल्याचा आवाज आला, मग पुन्हा घासल्याचा. पाणी आणलं, गूळ नव्हता म्हणून नुसतंच. लिंबाजी प्यायला. मग तिनं एक लुगडं बोचक्यात बांधलं. नदीला पाणी होतं, त्यानं तिला पाठीवर घेतलं. ती टोपलीएवढी हलकी होती. मधल्या धारेत तो थांबला. सोडून द्यावी असं एकदा मनात आलं. मग पुढं चालू लागला.

पंचमी झाली. निघायच्या दिवशी ठकूकाकीच्या ओसरीवर आळीतल्या लेकींच्या ओट्या भरायला बाया जमल्या. एकेक लेक पाटावर बसे, बाया तिच्या पदरात तांदूळ, खण, नारळ घालत. बयजाबाई दाराआड उभी राहिली. कपाळ पांढरं, तिला कुणी बोलावलं नाही.

लिंबाजी उठला. सुपातले तांदूळ घेतले, खण घेतला, नारळ घेतला. “बसा,” तिला म्हणाला.

बाया ओरडल्या, “अरे, पांढऱ्या कपाळाच्या बाईची ओटी भरतात होय? आणि पुरुषानं?”

बयजाबाई म्हणाली, “लिंबा, मला चालत नाही रे बाबा.”

“मला रीत ठाऊक नाही,” लिंबाजी म्हणाला. “पदर पसरा, मावशी.”

ती पाटावर बसली. त्यानं गुडघे टेकले आणि तिची ओटी भरली.

जशी बयजाबाई पाटावर बसली, तशी तिकडे उंबरठ्यावर गोजराही टेकली. तुमच्याआमच्यातली जी कुणी उभी असेल, तिलाही कुणी मुराळी येवो, तिलाही टेकायला जागा मिळो. पुष्कळ दुःखाची ही कहाणी, थोडक्या बोलांत सांगितली, फळाला आली, पुरी झाली.