मंगलाष्टकांची पेटी

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. नाव भागोजी. गावात प्रोग्रामर कुठला, असं विचारू नये. हल्ली गावात सगळं मिळतं, फक्त भोळा माणूस मिळत नाही. भागोजी होता.

तो सुलभाताईंच्या कारखान्यात कामाला होता. कारखाना म्हणजे ताईंच्या घराची मागची पडवी. तिथं ताईंनी मंगलाष्टकं म्हणणारी पेटी बनवली होती. मुहूर्ताची वेळ भरून ठेवली की पेटी आपोआप गायची. पण गाताना रखडायची. 'शुभ मंगल' झाल्यावर 'सावधान' यायला इतका वेळ लागायचा, की हार धरून नवरानवरीचे हात भरून यायचे.

मंगल कार्यालयाचे मालक पेडणेकरकाका वैतागले. "ताई, रविवारच्या लग्नात नीट चालली तर पेटी ठेवतो. नाहीतर परत न्या."

कारखान्याला गिऱ्हाईक हे एकच. ताईंनी लगेच प्रोग्रॅम उघडला. पेटीतल्या प्रोसेसरला वेगाच्या पायऱ्या होत्या. काम वाढलं की वरची, घटलं की खालची. पण हिशोबात पावणेआठवी पायरी आली की भागोजीचा प्रोग्रॅम सातवीच द्यायचा.

"पाऊण कुठं गेला रे?"

"टाकला. पुरा नव्हता ना."

"म्हणून तर रखडते ती! अपुरं राहिलं की वर ढकलायचं. पावणेआठ आले की आठ."

भागोजीनं ढकललं. पेटी घडाघडा गाऊ लागली.

रविवारी सकाळी ताईंनी त्याला कार्यालयात मुहूर्त भरायला पाठवलं. मुहूर्त होता बारा सदतीसचा. भागोजीनं एक वाजताचा भरला. पेडणेकरकाकांनी पाहिलं आणि ताईंना बोलावून घेतलं.

"भागोजी, हे काय?"

"तास अपुरा होता. वर ढकलला."

"अरे दगडा, मुहूर्त आहे तो! जसं दिलंय तसंच राहू द्यायचं. बोट लावायचं नाही!"

"बरं."

ताईंनी स्वतः वेळ भरली आणि त्या साडी बदलायला घरी गेल्या. तेवढ्यात मांडववाल्यानं शोभा म्हणून पेटीला मखमल गुंडाळली. पेटी तापली. करपल्याचा वास सुटला. भागोजी शेजारी हाताची घडी घालून उभा. ताई आल्या आणि त्यांनी मखमल ओढून काढली.

"तुला वास येत नव्हता?"

"येत होता. पण दिलंय तसंच राहू द्यायचं होतं."

"देवा! तापलं की थांबायचं नाही, भागोजी. लगेच बंद करायचं, गार जागी ठेवायचं, गार झालं की पुन्हा चालू करायचं. शिरलं डोक्यात?"

"शिरलं."

आणि खरंच शिरलं.

पेटी गार झाली, सुरू झाली. दुपार चढत होती. नवरदेव जरीची शेरवानी आणि फेटा घालून दिव्यांच्या झोतात उभा होता. भागोजीकडे पाहून म्हणाला, "काय उकडतंय हो!" भागोजीनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मुहूर्ताला थोडी मिनिटं उरली तशी पेटी गाऊ लागली. दोन मामांनी अंतरपाट धरला, पण दोघांच्या माना कौतुकानं पेटीकडेच वळलेल्या. कुठं अडखळणं नाही, कुठं रखडणं नाही. गायचं काम पेटीकडे, म्हणून गुरुजी खाली मान घालून होमाच्या विटा मांडत होते. वऱ्हाडाचं अर्धं लक्ष पंगतीकडे होतं. उरलेलं अर्धं अक्षता मागून नेम धरून टाकण्यात गुंतलं होतं.

पेडणेकरकाकांचे डोळे भरून आले. "ताई, पेटी ठेवली! आणखी दोन कार्यालयांना सांगतो."

शेवटचं 'सावधान' अगदी बारा सदतीसला आलं. ताशा कडाडला. अंतरपाट दूर झाला. नवरीनं लाजत, नजर न उचलता हार पुढं केला आणि सोडला.

हार पाटावर पडला. पाटावर कोणी नव्हतं.

ताशा थांबला. नवरीचे वडील ओरडले, "जावई कुठं आहेत?"

गर्दीतून वाट काढत भागोजी पुढं आला. हातात आइस्क्रीमच्या थंड खोलीची किल्ली होती.

"घाबरू नका," तो म्हणाला. "फार तापले होते. मी लगेच बंद केलं. गार झाले की पुन्हा चालू करतो."