सोनांब्याचा घरधनी

पाय पांघरुणात घ्या आधी. उशीवरून भांडाल तर मी उठून जाईन, सांगून ठेवते. मला तोंड एकच आहे, गोष्ट सांगू की तुमचा तंटा सोडवू? हां. आता ऐका.

एक होता राजा, चंद्रसेन नावाचा. त्याला एकुलती एक लेक, शेवंती. सात वर्षांची. एकदा काय झालं, शेवंतीला ताप आला. मग ताप गेला, पण जाताना पोरीच्या जिभेची चव घेऊन गेला. दूध दिलं तरी माती, भात दिला तरी माती. "बाबा, नको. मातीच लागते," म्हणायची आणि ताट सरकवायची. तुमची दुधीच्या भाजीला नाटकं असतात ना, तसलं नव्हतं हो ते. पोर खरंच वाळत चालली. राजा रोज तिचं मनगट दोन बोटांत धरून बघायचा आणि तोंड फिरवून डोळे पुसायचा.

मग म्हातारे वैद्य आले. म्हणाले, "महाराज, औषध एकच. सोनांबा. रातांब्याचा, आपल्या कोकमाच्या फळाचा, भाऊबंद, पण फार क्वचित सापडतो. झाडावर पिकलेला ताजा सोनांबा जिभेवर ठेवला, तर जीभ जागी होईल. नाहीतर पोर हाताला लागत नाही."

राजाने तीन स्वार धाडले. पहिल्याने पाटीभर रातांबे आणले. वैद्य म्हणाले, "हे लाल. सोनांबा पिवळाधमक." दुसऱ्याने करमळं आणली. "याला धारा आहेत. सोनांबा गोल असतो." मग तिसऱ्याने काय आणलं असेल? लिंबं! काय म्हणावं त्या शहाण्याला! वैद्यांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, सोनांबा फोडला की बोटं हळदीसारखी पिवळी होतात. आत लसणीच्या पाकळ्यांसारखा पांढरा गर असतो." ही खूण गावभर झाली, ती बाजारातल्या एका कोळणीने ऐकली. ती म्हणाली, "असल्या फळाची सुकी सोलं मी डोंगरापलीकडच्या धाकू माळ्याकडून घ्यायची की!"

आता हा धाकू कोण? तर धाकू आणि त्याची बायको भागी, दोघंच दोघं. त्यांच्या बागेत सोनांब्याची दोन झाडं होती. एक वैशाखात फळांनी वाकायचं. दुसऱ्याला नुसती फुलं यायची, फळ एक नाही. त्यांच्या गावात एक रीत होती, बरं का. न धरणाऱ्या झाडाला शिमग्यात धाक घालायचा. धाकू कुऱ्हाड उगारून विचारायचा, "धरतोस की तोडू?" आणि भागी झाडामागे लपून झाडाच्या वतीने म्हणायची, "धरीन रे बाबा, पुढच्या साली धरीन!" मग दोघं हसायची आणि घरी जाऊन कढी-भात जेवायची. अशी वीस वर्षं गेली.

मग एका माघात भागी गेली. शिमगा आला. धाकू एकटाच कुऱ्हाड घेऊन उभा राहिला. "धरतोस की तोडू?" कुणी बोललं नाही. त्याने पुन्हा विचारलं. वारासुद्धा हलला नाही. तिसऱ्यांदा तर तो ओरडला, "अगं, बोल की!" झाडामागे कोण होतं बोलायला? दुःखाने माणूस आंधळा होतो, पोरांनो. त्याने कुऱ्हाड घातली ती झाड आडवं होईपर्यंत. त्या वर्षीची फळं फळणाऱ्या झाडावर आधीच धरली होती. ती त्याने सवयीने सोलली, सोलं वाळवून मडक्यात भरली आणि पुन्हा त्या मडक्याकडे बघितलं नाही.

पुढच्या वर्षीच्या वैशाखात राजा स्वतः त्याच्या दारात आला. बघतो तर झाडावर एकही फळ नाही. राजाचा तोल गेला. त्याने झाडावर तलवार उपसली. "माझी लेक मरतेय आणि तू रिकामं उभं? फळ दे, नाहीतर तोडतो!"

धाकूने त्याचे पाय धरले. "नको महाराज! मी एक तोडून बसलोय."

आणि तेव्हा झाड बोललं. हळू आवाजात, सासुरवाशीण बोलते तसं.

"तोड राजा. मला आता कसली आशा आहे? यंदा मी फुलले आणि सगळी फुलं गाळली. धाकू, तू ज्याला वांझोटा समजलास, तो माझा घरधनी होता. त्याच्या फुलांतली पिवळी धूळ मधमाश्या माझ्याकडे आणायच्या, तेव्हा कुठे माझी ओटी भरायची."

धाकू मटकन खाली बसला. "बाई गं," तो म्हणाला, "माझं माणूस देवाने नेलं. तुझं मी मारलं." आणि तो लहान मुलासारखा रडला. राजाच्याही हातातली तलवार गळाली.

झाड म्हणालं, "खुंट अजून ओला आहे. जपलात तर फुटेल. पण तीन वर्षं लागतील."

तीन वर्षं! पोर तीन महिने काढते की नाही, आणि तीन वर्षं? तेव्हा धाकूने ते सोलांचं मडकं काढून राजाला दिलं. वाड्यावर नेऊन एक सोल उकळलं, त्याचं सार केलं. शेवंतीने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाली, "मातीच आहे. पण जराशी आंबट माती." आणि सारासोबत दोन घास भात खाल्ला. दोनच. पण त्या दोन घासांवर जीव तग धरून राहिला.

मग धाकू खुंटापाशी झोपडी घालून राहिला. पहिल्या वर्षी फुटवा आला, तो बकरीने खाल्ला. दुसऱ्या वर्षी आला, तो उन्हाने करपला. तिसऱ्या वर्षी राजा स्वतः खांद्यावर कावड घेऊन पाणी घालायला येऊ लागला. चक्क राजा! फांदी वाढली. इकडे मडक्याचा तळ दिसायला लागला. शेवंतीचं अंग काडीसारखं झालं, तिला बसवतही नव्हतं. शेवटचं सोल तीनतीनदा उकळलं. आणि फांदीला फुलं आली. मधमाश्या आल्या. वैशाख लागला तसं पलीकडचं झाड पिवळंधमक दिसू लागलं.

शेवंतीला पालखीतून बागेत आणली. धाकूने फळ तोडलं, फोडलं, एक पाकळी तिच्या जिभेवर ठेवली. सगळे श्वास धरून उभे. शेवंतीने डोळे मिटले, नाक मुरडलं, अंग शहारलं. आणि केवढ्याने ओरडली, "आई गं, आंबट!" राजा हसला की रडला, त्याचं त्यालाच कळेना. तिने दुसरी पाकळी मागितली. मग तिसरी. तिसरी गोड लागली.

राजा म्हणाला, "धाकू, माग काय हवं ते." धाकूने नको म्हणून मान हलवली.

पण शेवंती त्याच्याकडे बघत राहिली. एवढी सगळी शहाणी माणसं होती तिथे, कुणाच्या लक्षात आलं नाही. तिला बरोबर कळलं. ती म्हणाली, "आजोबा, तुम्हालाही सगळं मातीच लागतं ना?"

भागी गेल्यापासून धाकू नुसता पोट भरत होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. शेवंतीने आपल्या पिवळ्या बोटांनी एक पाकळी त्याच्या तोंडात घातली. धाकूने ती चघळली. मग हळूच म्हणाला, "आंबट आहे गं, बाळा." आणि पुढे म्हणाला, "भूक लागली."

मग त्याच बागेत तीन दगडांची चूल मांडली, सोनांब्याची कढी केली, आणि राजा, शेवंती, धाकू एका पंगतीला पोटभर जेवले. पुढेही सगळी सुखाने राहिली. ती जेवून निजली, आता तुम्हीही निजा. डोळे मिटा बघू.