तुटक्या पिनेचा होकार

संगणक जाडजूड असायचे तेव्हाची गोष्ट. एका संगणकाचा स्पीकर अचानक मुका झाला. वायर नीट, दिवा लागलेला, तरी आवाज येईना.

"माझं काही चुकलं का, दादा?" त्याने विचारलं.

"छे रे, मी सकाळपासून गातोय," संगणक म्हणाला. "हेडफोन ऐकतोय ना, म्हणून आवाज तिकडे सोडतोय."

स्पीकरला नवल वाटलं, कारण हेडफोन तर समोर खिळ्याला लटकत होता. त्याने हेडफोन लावायच्या भोकात डोकावून पाहिलं. आत पिनेचं तुटलेलं टोक अडकून बसलं होतं.

"गाणं तुला ऐकू येतं का?"

"मला कुठले कान?" टोक ओशाळून म्हणालं. "संगणकदादांनी 'कोणी आहे का' विचारलं, मी 'आहे' म्हटलं, इतकंच."

संगणकाचं गाणं मध्येच थांबलं.

"आहेस का, एवढंच विचारलं मी," तो म्हणाला. "ऐकतोस का, हे विचारायचं राहूनच गेलं."