आक्काची टाच

एका गावात एक मुकादम होता, आणि त्याला घाई फार होती. गावाचं नाव पळसखोरं, मुकादमाचं नाव हैबती. जेवायला बसला की भाकरी ताटात पडायच्या आत याचा हात पुढे. माणूस वाईट नव्हता हो. चोर नव्हता, खोटारडा नव्हता. पण घाईने त्याच्या हातून जे झालं, ते ऐकून आजही त्या भागातली माणसं कानांवर हात ठेवतात.

त्या मुलखात लागोपाठ तीन वर्षं पाऊस झाला नाही. शेतं उघडी पडली. धडधाकट बाया-माणसं हातावर हात ठेवून ओट्यावर बसून राहू लागली. तेव्हा राजाने आपली धान्याची कोठारं उघडली आणि गावोगाव दवंडी पिटवली, "ज्या गावाला तळं नाही त्या गावाने तळं बांधायला घ्यावं. कामावर येईल त्याला काम मिळेल आणि त्याच्या घरची चूल रोज पेटेल."

काम शिकवायला राजाने सटवाजी बेलदार नावाचा म्हातारा कारागीर धाडला. त्याचा उभा जन्म बांध घालण्यात गेला होता. त्याने पळसखोऱ्याच्या माणसांना नाल्यात नेलं, चिकणमाती हातात घ्यायला लावली आणि सांगितलं, "वीतभर मातीचा थर टाकायचा. पाणी शिंपायचं. मग धुम्मस घेऊन सात वेळा धोपटायचं." धुम्मस म्हणजे लांब दांड्याचा जड ठोकळा. दोन्ही हातांनी उचलायचा आणि मातीवर आपटायचा. सात वेळा धोपटून हात भरून आले की मग खरी परीक्षा.

"गावातलं सगळ्यांत वजनदार माणूस बोलवायचं," सटवाजी म्हणाला. "त्यानं थरावर टाच मारायची. टाच रुतली तर थर कच्चा, पुन्हा धोपटा. न्हाई रुतली तरच वरचा थर."

घोळक्यातल्या एकाने विचारलं, "बाबा, तळं झालं की आमचं काम संपलं. मग पुढं काय?"

"तळं हितंच राहील. पण जो हे काम शिकंल तो हितं राहायचा न्हाई. या राज्यात अजून शंभर गावं कोरडी हायेत. तिथं कोण जाणार? मी म्हातारा?" सटवाजी हसला आणि काठी टेकत पुढच्या गावाला निघून गेला. त्याच्या गळ्यात अशी सात गावं होती. दीड-दोन महिन्यांनी एखादी फेरी व्हायची.

पळसखोऱ्यात सगळ्यांत वजनदार माणूस कोण, हे विचारायची गरजच नव्हती. ती भागीरथी आक्का. तिच्या वजनाची गावात कायम चेष्टा चालायची. ती बैलगाडीत बसायला आली की गाडीवान बैलांची माफी मागायचा. आक्काही हसून घ्यायची, पण तिला ते लागत असे. आता मात्र तिच्या वजनाला मान आला. प्रत्येक थराला तिला बोलावणं यायचं. ती लुगड्याचा काष्टा घट्ट करायची, थराच्या मधोमध जाऊन उभी राहायची आणि टाच आपटायची.

पहिल्या पंधरवड्यात दर दोन थरांतला एक तिने नापास केला. हळूहळू तिची टाच शहाणी झाली. कुठे पाणी कमी शिंपलं, कुठे धुम्मस उगाच टेकवल्यासारखा पडला, ते तिला नुसत्या पायाने कळू लागलं. ती बायांना बोलवून दाखवायची, "ही बघ, हितं माती पोकळ बोलतीय." बायाही टाचा मारून बघायला लागल्या. माणसं काम नुसतं करत नव्हती, शिकत होती. म्हाताऱ्या सटवाजीला हेच हवं होतं.

एवढ्यात राजाकडून निरोप आला. ज्या गावाचं तळं सर्वांआधी पुरं होईल त्या गावच्या मुकादमाला महाराज स्वतः येऊन मानाचं पागोटं बांधणार.

झालं! हैबतीची झोप उडाली. शेजारच्या धामणवाडीचा बांध पुरुषभर वर आला होता, पळसखोऱ्याचा अजून कमरेएवढाच. हैबती दिवसभर बांधावर येरझाऱ्या घालू लागला. कामावर नजर ठेवता यावी म्हणून त्याने बांधाच्या अगदी पायथ्याशी नवं घर घातलं होतं. घरात त्याची एकुलती एक मुलगी सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बायको मागेच वारलेली. होणाऱ्या नातवंडाच्या बारशाला आपल्या डोक्यावर मानाचं पागोटं असावं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात घुमत होता.

आणि इकडे आक्का थरामागून थर नापास करत होती. एके दिवशी सलग तिसरा थर तिने परत धोपटायला लावला, तेव्हा हैबतीचा तोल गेला.

"आक्का, तुमच्या वजनानं तर फरशीसुद्धा रुतंल! मातीचा काय दोष?"

सगळा घोळका खदखदून हसला. आक्काचं तोंड एवढंसं झालं. ती बांधावरून उतरली आणि पाट्या वाहणाऱ्या बायांत जाऊन उभी राहिली. हैबतीने मग सोनबाला हाक मारली. सोनबा गावातला सगळ्यांत किडकिडीत म्हातारा. वारा सुटला की लोक त्याला चेष्टेने खांबाला धरून राहायला सांगायचे. त्याने थरावर टाच मारली. टाच कसली रुततेय! नुसता ठसासुद्धा उमटला नाही.

"न्हाई रुतली," सोनबा प्रामाणिकपणे म्हणाला.

आणि तेव्हापासून सगळे थर पास होऊ लागले. सात धोपट्यांचे चार झाले, चारांचे दोन. पाणी शिंपायचं कधी बंद झालं ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. वरून कडक, आत भुसभुशीत असा बांध सटवाजीच्या पुढच्या फेरीआधीच सरसर वर गेला. गाव टाळ्या पिटत होतं. कुणाच्या एवढंही डोक्यात आलं नाही, की काम तीन महिने आधी संपलं तर चूलही तीन महिने आधी विझणार. आपल्याच हातातलं काम आपणच पळवून लावतोय आणि वर त्याच्या टाळ्या वाजवतोय! काय म्हणावं अशा माणसांना?

बांध पुरा झाला. त्याच आठवड्यात वळवाचे दोन पाऊस असे काही कोसळले की तळं जवळजवळ काठोकाठ भरलं. पाण्याकडे बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. राजाला निरोप गेला, आणि महाराज आठ दिवसांनी येणार असं ठरलं.

त्या दिवशी सकाळी हैबती बांधावर तोरणं बांधत होता. आक्का धापा टाकत वर आली.

"हैबती, अरे, तुझ्या घरामागं बांधाच्या बुडाशी..."

"आज नको, आक्का. आज महाराज येताहेत."

"अरे, पण ऐक तरी..."

"आज एक शब्द नको!" हैबतीने हात जोडले आणि पाठ फिरवली. आक्का आली तशी उतरून गेली.

दुपारी ढोलताशे घुमले. महाराज हत्तीवरून आले. गावातलं सगळं माणूस बांधाच्या दोन्ही टोकांना जमलं होतं. आली नाही ती फक्त सगुणा आणि तिची तान्ही पोर, कारण बाळंतिणीचा सव्वा महिना अजून भरला नव्हता. बांधावरून मिरवत पलीकडे जायचं आणि तिथे पागोटं बांधायचं, असा बेत होता. माहुताने हत्तीला बांधाकडे वळवलं.

हत्ती थांबला.

माहुताने हाकारलं. हत्ती हलेना. हैबतीला वाटलं, ढोलाला बुजला. त्याने ढोल थांबवले. हत्तीने सोंडेने माती हुंगली, पुढचा एक पाय अलगद बांधावर ठेवला, थोडा भार दिला आणि चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला. जिथे पाय पडला होता तिथे गुडघाभर खड्डा पडला होता.

सगळे आ वासून बघत राहिले.  आणि बघता बघता खड्ड्याच्या तळाशी पाणी दिसू लागलं. आधी ओल, मग झिरपा, मग धार.

"महाराज, सगळ्यांना मागं घ्या!" गर्दीतून आक्का ओरडली. "बांध चालला!"

लोक मागे पळतात न पळतात तोच बांधाचा मधला तुकडा खचला. मोठा आवाज झाला नाही. ओल्या मातीचा ढीग बसावा तसा तो नुसता खाली बसला, आणि तळ्याचं सगळं पाणी त्या वाटेने खाली धावलं. खाली एकच घर होतं.

 हैबतीने बघितलं, त्याच्या नव्या घराची मागची भिंत पडली, मग पुढची, मग छप्पर कलंडलं आणि चिखलात वाहून गेलं. जेमतेम चार घोट पाणी प्यायला लागेल तेवढ्याच वेळात हे सारं झालं. पाणी ओसरायच्या आतच तो उतारावरून गडगडत खाली गेला. घराच्या जागी दगडी उंबरा तेवढा राहिला होता. हैबती गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी चिखल उपसू लागला. पागोट्यासाठी सकाळी नीट बांधलेले केस तोंडावर आले होते. नखांतून रक्त येत होतं. "सगुणा! सगुणा!" एवढंच तो म्हणत होता. गाव वर उभं राहून बघत होतं. खुद्द महाराजांचे डोळे पांढरे झाले होते.

तेवढ्यात वरून कुठून तरी तान्ह्या पोरीचं रडणं ऐकू आलं.

हैबतीने मान वर केली. टेकाडावर आक्काचं घर होतं. त्याच्या दारात सगुणा उभी होती. डोक्याला फडकं, खांद्याशी पोर. हैबती चिखलाने माखलेला तिथवर कसा पोचला, त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याने पोरीच्या पायाला नुसतं बोट लावलं आणि मटकन खाली बसला.

आक्का मागून धापा टाकत आली. "तुझ्या घरामागं बुडाशी ओल दिसली मला सकाळी. सांगाया आले तर तू हात जोडलेस. बांध आजच जाईल असं वाटलं न्हाई, पण म्हटलं, सांगत कशाला बसायचं? बाळंतीण बाहेर काढू नये म्हणतात, पण मी काढली. आता बोलतील त्यांना बोलू दे."

हैबतीने तिच्याकडे बघितलं. ज्या पायांची त्याने सगळ्या गावासमोर चेष्टा केली होती, ते चिखलाने भरलेले पाय त्याच्यासमोर होते. त्याला हुंदका आवरेना. आणि सांगायचं तर तिथे जमलेल्या एकालाही आवरला नाही, कारण त्या दिवशी हसले तर सगळेच होते.

महाराजांनी सटवाजीला बोलावून घेतलं आणि तळं पुन्हा बांधायचा हुकूम दिला. या खेपेला मुकादम आक्का. हैबतीला काय शिक्षा द्यायची, असं त्यांनी विचारलं तेव्हा हैबती म्हणाला, "महाराज, मला धुम्मस द्या. सात धोपटे किती असतात ते अजून मला ठाऊक न्हाई."

बांध उभा राहायला पुरे सहा महिने लागले. सहा महिने गावातल्या चुली पेटत्या राहिल्या. सहा महिन्यांत बायांना नुसती मूठ दाबून माती ओळखता येऊ लागली. पुढे धामणवाडीच्या बांधालाही भेगा गेल्या, तेव्हा तो दुरुस्त करायला पळसखोऱ्याच्या बायाच गेल्या, आणि तिथून पुढच्या कोरड्या गावाला. पागोटं कुणालाच मिळालं नाही, आणि त्याची आठवणही कुणी काढली नाही.

एका गोष्टीने मात्र गाव पुन्हा चकित झालं. हैबतीने नवं घर बांधलं ते जुन्याच जागी, बांधाच्या अगदी पायथ्याशी. लोकांनी वेड्यात काढलं. तो भिंती रचत राहिला.

शेवटचा थर पडला त्या दिवशी आक्का बांधावर चढली आणि तिने टाच मारली. "पक्का," ती म्हणाली आणि उतरायला लागली.

"आक्का," हैबती धुम्मस टेकवून म्हणाला, "अजून एकदा मारा."

"अरे, पक्का हाये म्हटलं ना!"

"तरी मारा. खाली माझी नात निजलीय."

तात्पर्य: आपल्या कामाची परीक्षा सगळ्यांत कडक माणसाकडून करून घ्यावी. सोयीच्या माणसाने 'पक्कं' म्हटल्याने कच्चं काम पक्कं होत नाही, आणि ते कोसळतं तेव्हा आपल्याच माणसांवर कोसळतं.