स्वस्ताईचा हिशेब

एकदा एक कारखानदार आपल्या वृद्ध गुरूंकडे कुरकुरत आला. गुरू म्हणजे संन्यासी नव्हेत हं! आयुष्यभर लेथवर उभे राहून शेकडो पोरांना धातू कापायला शिकवलेले एक अण्णा. हा चंद्रहास त्यांचाच शिष्य. कुकरच्या शिट्ट्या बनवण्याचा त्याचा छोटा कारखाना होता आणि शिवगोंडा नावाच्या कारागिरावर त्याचा सारा डोलारा उभा होता. त्या शिवगोंडाला परदेशातल्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं आणि एजंटाला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

"तो गेला तर मला कुलूप लावावं लागेल," चंद्रहास म्हणाला. "अण्णा, तुम्ही त्याला समजवा. तिकडचा पगार आठ-दहा पट दिसतो, पण खर्च? मी तिकडे प्रदर्शनाला गेलो होतो ना. नुसते केस कापायला तिथल्या कामगाराची दीड तासाची कमाई जाते. आपल्याकडे अर्ध्या तासाच्या कमाईत काम भागतं. इथं स्वस्ताई आहे, मग इथला पगार कमी कसा?"

अण्णा उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चल, केस कापून येऊ."

चंद्रहास बघतच राहिला. अण्णांच्या डोक्यावर कापण्याजोगं काही उरलं असतं तर गोष्ट वेगळी! तरी गुरूंचा शब्द म्हणून तो निमूट मागे गेला. कोपऱ्यावर केरबाचं दुकान होतं. अण्णा ऐटीत खुर्चीत बसले. केरबाही बिलंदर, त्याने गंभीर चेहऱ्याने कानामागचे चार केस कापले.

"केरबा," अण्णांनी विचारलं, "नवा कुकर घ्यायचा तर किती दिवसांची कमाई लागेल रे?"

"पाच दिवसांची, अण्णा. अन् त्या पाच दिवसांत घरात कुणी जेवायचं नाही," केरबा हसत म्हणाला.

अण्णांनी चंद्रहासकडे पाहिलं. "आणि तिकडच्या न्हाव्याला?"

चंद्रहासने मनात हिशेब मांडला आणि तो जरा ओशाळला. "अर्धा दिवससुद्धा लागणार नाही."

दुकानाबाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "बाळा, कुकरची किंमत दोन्हीकडे साधारण सारखीच. तिकडे महाग आहे ते माणसाचं श्रममूल्य. म्हणून तिथे केस कापणं महाग, आणि म्हणूनच तिथल्या न्हाव्याच्या घरी कुकर सहज येतो. आपली स्वस्ताई आकाशातून पडत नाही. केरबा कमी घेतो, म्हणून शिवगोंडाचं भागतं. शिवगोंडा कमी घेतो, म्हणून तुझं भागतं. त्यांनी सोसलेलं तू त्यांनाच सुख म्हणून सांगायला निघालास होय?"

चंद्रहास थेट कारखान्यात गेला आणि त्याने शिवगोंडाला मशीन थांबवायला सांगितलं.

"तिकडे किती महाग आहे हे सांगायचं ठरवलं होतं," तो म्हणाला. "ते राहू दे. तू राहावंस म्हणून मी काय द्यावं?"

शिवगोंडाने हात पुसले. "मालक, तिकडचा पगार मागत नाही. तिकडं तीन वर्षं एकटं राहायचं माझ्या जिवावर आलंय, पोरगी आत्ता कुठं बोलायला लागलीय. पण ओव्हरटाइम न करता घर चालावं एवढं पाहिजे. आणि माझ्या एकट्याचं वाढवू नका, सगळ्यांचं बघा."

चंद्रहासने बुक केलेली नवी गाडी रद्द केली, गिऱ्हाइकांना फोन करून शिट्टीमागे थोडा भाव वाढवून घेतला आणि दुपारच्या सुट्टीत साऱ्यांना नवा पगार सांगितला. कुणीतरी जिलेबी आणली. पहिली जिलेबी मालकाच्या तोंडात कोंबली गेली आणि मालकाला फार दिवसांनी आपल्याच कारखान्यात मोकळं हसू आलं.

संध्याकाळी एजंटाचा फोन आला, तेव्हा शिवगोंडाने तो पोरीच्या हातात दिला. ती बोबड्या बोलात बराच वेळ काहीबाही सांगत राहिली. एजंटाला त्यातला एकही शब्द कळला नाही, पण उत्तर मात्र बरोबर कळलं.